वेल्लूतो म्हणजे काय? मखमलीसाठीच्या इटालियन शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटालियन शिकणारे विद्यार्थी, इटलीहून कापड मागवणारे शिवणकाम करणारे लोक, जुन्या चित्रांतल्या पोशाखांवर लिहिणारे अभ्यासक, अनुवादक आणि मेनूकार्ड वाचताना अडलेले प्रवासी. या सगळ्यांना कधी ना कधी हा शब्द भेटतो आणि शब्दकोशातलं एका शब्दाचं उत्तर पुरत नाही. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत. सलग वाचायची गरज नाही. मात्र पहिला आणि चौथा प्रश्न जरूर वाचा, बाकीच्यांची उत्तरं त्यांच्यावर उभी आहेत.

१. वेल्लूतो म्हणजे नेमकं काय?

मखमल. पण या शब्दाने धागा कोणता हे कळत नाही, वीण कोणती हे कळतं. कापडाच्या पायावर आखूड, दाट लव उभी असेल तर ते कापड वेल्लूतो. मग ती लव रेशमाची असो, सुताची, लोकरीची, व्हिस्कोसची किंवा पॉलिएस्टरची.

मराठीत मखमल म्हटलं की डोळ्यांसमोर श्रीमंती येते: गादी, म्यान, दागिन्यांची डबी, नाटकाचा पडदा. इटालियन वेल्लूतोमध्ये ती श्रीमंती आहेच, पण त्याच शब्दात मेंढपाळाची जाड विजार आणि शाळामास्तरांचा हिवाळी कोटही बसतो. अनुवादात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच.

२. उच्चार कसा करायचा? देवनागरीत कसं लिहायचं?

वेल्-लू-तो. ‘ल’ दुहेरी आहे, तो खरोखर दोनदा उच्चारायचा. जोर ‘लू’वर. शेवटचा ‘त’ आपल्या तबल्यातला, ‘वेलुटो’ नव्हे. इटालियन त आणि द दंत्य आहेत, त्यामुळे मराठी माणसाला ते इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी सहज जमतात. इंग्रजीतून शिकल्यामुळे आपण ट-ड लावतो आणि हाताशी असलेली सोय घालवतो.

३. शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘विल्लुस’ म्हणजे केसांचा झुपका, जनावराच्या अंगावरची लव. त्यावरून ‘विल्लुतुस’, म्हणजे केसाळ. त्याचंच वेल्लूतो झालं. इंग्रजी वेल्व्हेट, फ्रेंच वेलूर आणि पोर्तुगीज वेलुदु ही सगळी त्याच घरातली भावंडं.

आपला ‘मखमल’ अरबीतून फारसीमार्गे आला, आणि अरबीत ‘खम्ल’ म्हणजेही कापडावरची लवच. दोन वेगळ्या भाषाकुळांनी या कापडाचं नाव ठेवताना चमक, मऊपणा किंवा किंमत पाहिली नाही, उभे केस पाहिले. हाताने कापड ओळखणाऱ्यांनी ठेवलेली नावं आहेत ही.

४. ही लव येते कुठून? कापड विणून झाल्यावर घासून काढतात का?

नाही. घासून, खरवडून लव काढलेलं कापड म्हणजे फ्लॅनेलसारखं कापड. वेल्लूतोची लव मागावरच जन्माला येते, आणि त्यासाठी ताणे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे संच, दोन लागतात.

साध्या कापडात एक ताणा, एक बाणा (आडवा धागा). मखमलीत पायाचा एक ताणा असतो आणि लवेचा दुसरा, वेगळा ताणा. बाण्याचे काही फेरे घातले की विणकर लवेचा ताणा वर उचलतो आणि त्याखालून धातूची एक बारीक सळई आडवी घालतो. या सळईला इटालियनमध्ये ‘फेर्रो’ म्हणतात, म्हणजे लोखंड, जरी ती प्रत्यक्षात पितळेची असली तरी. पुन्हा बाणा, पुन्हा सळई. लवेचा धागा प्रत्येक सळईवरून उडी मारून जातो, त्यामुळे सळयांवर फाशांच्या रांगा तयार होतात.

आता दोन वाटा. सळई नुसती ओढून काढली तर फासे तसेच राहतात. सळईच्या पाठीवर खाच असेल आणि त्या खाचेतून धारदार पातं फिरवलं, तर फासे मधोमध कापले जातात आणि प्रत्येक फाशाची दोन टोकं ताठ उभी राहतात. ती टोकं म्हणजे लव. पातं जरासं घसरलं तर पायाचा ताणाही कापला जातो, आणि तेवढ्यावर कित्येक दिवसांचं काम बिघडतं.

लवेचा ताणा सारखा वरखाली करत जातो, त्यामुळे तो तयार कापडाच्या लांबीच्या पाच-सहा पट लागू शकतो. नक्षीच्या मखमलीत तर काही धागे नक्षीसाठी वर येतात आणि काही खालीच राहतात, म्हणजे प्रत्येकाचा खप वेगळा. सगळे एकाच तुरीवर, म्हणजे मागाच्या रुळावर, गुंडाळता येत नाहीत. लवेच्या प्रत्येक धाग्याला स्वतःची रीळ आणि स्वतःचं वजन लागतं. मागामागे शेकडो छोट्या रिळांची एक चौकट उभी असते, तिला ‘कांत्रा’ म्हणतात. हे एवढं डोळ्यांसमोर आणलं की जुनी मखमल सोन्याच्या भावाने का विकली जायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आज बाजारात मिळणारी बहुतेक मखमल यंत्रावर वेगळ्या पद्धतीने होते. दोन कापडं समोरासमोर एकाच वेळी विणतात, लवेचे धागे दोन्हींच्या मधून ये-जा करतात आणि मधून पातं फिरून दोन मखमली सुट्या होतात. इटालियनमध्ये हिला ‘दोप्प्या पेझ्झा’, म्हणजे दुहेरी तागा म्हणतात.

५. लीश्शो, रीच्चो, सोप्रारित्सो... हे प्रकार काय आहेत?

‘वेल्लूतो लीश्शो’ म्हणजे सपाट, बिननक्षीची मखमल. दुकानात साधारण हीच दिसते. ‘तल्यातो’ म्हणजे कापलेली, ‘रीच्चो’ म्हणजे कुरळी, न कापलेल्या फाशांची.

या दोन्हींचा संगम म्हणजे ‘सोप्रारित्सो’. हा व्हेनिसचा अभिमान आहे, आणि माझ्या मते हातमागावर माणसाने केलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक. एकाच नक्षीत काही भाग कापलेला, काही फाशांचा. कापलेल्या भागासाठी जाड सळई आणि फाशांसाठी बारीक सळई वापरतात, त्यामुळे कापलेली लव फाशांपेक्षा उंच उभी राहते. धागा एकाच रंगाचा असतो, तरीही कापड दोन रंगांचं दिसतं. कापलेल्या टोकांमध्ये प्रकाश आत शिरतो आणि रंग गडद, खोल होतो. फाशांवरून तो परत फिरतो आणि रंग फिका, उजळ दिसतो. रंगाऱ्याने एकच रंग दिलेला असतो, दुसरा विणकराने काढलेला असतो.

‘आल्तो-बास्सो’ म्हणजे उंच-सखल. यात सगळी लव कापलेलीच, पण दोन उंचींची, त्यामुळे नक्षी उठावात दिसते. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातले वरिष्ठ अधिकारी खांद्यावर टाकत तो पट्टा अशा मखमलीचा असे. ‘आ जार्दीनो’ म्हणजे बागेची: फिकट पायावर बहुरंगी फुलं, ही जेनोवाची खासियत. ‘चेझेल्लातो’ हा शब्द कोरीव नक्षीच्या मखमलीसाठी येतो.

आणि एक शब्द मला फार आवडतो: ‘अल्लुच्चोलातो’. लूच्चोला म्हणजे काजवा. मखमलीच्या लवेत मधूनमधून सोन्याच्या तारेचे अगदी लहान फासे वर काढतात. माणूस हलला की ते क्षणभर चमकतात आणि विझतात. पंधराव्या शतकातल्या विणकरांची ही करामत आहे.

६. इटालियन माणूस कॉर्डरॉयलाही वेल्लूतो का म्हणतो?

कारण कॉर्डरॉयवरही कापलेली लव असते, फक्त ती पट्ट्यापट्ट्यांनी असते. पूर्ण नाव ‘वेल्लूतो आ कोस्ते’, कोस्ते म्हणजे बरगड्या किंवा उभे पट्टे. रुंद पट्ट्यांचं असेल तर ‘कोस्ते लार्गे’, बारीक असेल तर ‘कोस्तीने’, आणि अगदीच बारीक रेघांचं असेल तर ‘मिल्लेरीगे’, हजार रेघांचं. विणण्याची पद्धत मात्र निराळी. इथे लव ताण्याची नसून बाण्याची असते. आधी कापड सपाट विणतात, त्यावर बाण्याचे सैल पूल ठेवतात आणि नंतर ते उभ्या रेषांत कापून ब्रशने फुलवतात.

बोलताना पूर्ण नाव कोणी घेत नाही. ‘पांतालोनी दी वेल्लूतो’ असं इटलीत ऐकलंत तर दहातल्या नऊ वेळा कॉर्डरॉयची विजार समजा. गोष्टीतला शेतकरी, शिकारी किंवा गावातला म्हातारा वेल्लूतो घालून आला आणि अनुवादकाने त्याला ‘मखमली विजार’ चढवली, तर तो माणूस वाचकाला एकदम सरदार वाटू लागतो. असे अनुवाद मी वाचले आहेत आणि दरवेळी वाईट वाटलं आहे, कारण एका शब्दाने त्या माणसाचा वर्गच बदलून जातो.

सार्डिनिया बेटावर या कापडाला आणखी वजन आहे. डोंगराळ बार्बाजा भागात ‘वेल्लूतो’चा पोशाख ही पुरुषांची ओळख आहे: तपकिरी किंवा काळी जाड कॉर्डरॉय, शिकारी धाटणीचा जाकीट, तशीच विजार, खाली चामडी बूट. तो मेंढपाळांचा कामाचा पोशाख होता, पुढे सणाला, लग्नालाही चालू लागला. तिथले शिंपी आजही तो मापाने शिवतात.

७. फेल्पा, चिनील्या, फुस्तान्यो, कामोश्शो: हेही मखमलीच का?

नाही, पण शेजारी आहेत. फेल्पा म्हणजे मुळात लांब, सैल लवेचं प्लशसारखं कापड. आता रोजच्या बोलण्यात फेल्पा म्हणजे स्वेटशर्ट. चिनील्या म्हणजे केसाळ सुरवंटासारख्या धाग्याचं मऊ कापड, झोपताना घालायच्या कपड्यांत दिसतं. फुस्तान्यो म्हणजे जाड, आतून किंवा बाहेरून किंचित लवदार सुती कापड, कष्टकऱ्यांचं. कामोश्शो हे तर कापडच नव्हे, ते घासून लव उभी केलेलं चामडं.

रेशमी चमक असलेलं गुळगुळीत कापड म्हणजे राझो, आपलं साटिन. त्यावर लव नसते. आणि ब्रोक्कातो म्हणजे किनखाब: बाण्यात जरीचे किंवा रंगीत धागे घालून नक्षी. मखमलीतही जरीचे धागे घालता येतात, मग ती ‘वेल्लूतो ब्रोक्कातो’ होते.

८. वाक्यात कसा वापरायचा?

शब्द पुल्लिंगी: ‘इल वेल्लूतो’, अनेकवचन ‘इ वेल्लूती’. अनेकवचन वापरलं की अर्थ ‘मखमलीचे प्रकार’ असा होतो. वस्तू कशाची आहे हे सांगायला ‘दी’ किंवा ‘इन’ दोन्ही चालतात: ‘उना जाक्का दी वेल्लूतो’, ‘उना जाक्का इन वेल्लूतो’. बोलण्यात ‘दी’ जास्त, कॅटलॉगमध्ये आणि दुकानाच्या पाटीवर ‘इन’ जास्त. लाक्षणिक अर्थासाठी मात्र ‘दी’च घ्या.

एक खास वापर प्राणिशास्त्रातला. हरणाची नवी शिंगं वाढताना त्यांच्यावर लवदार कातडी असते. त्या अवस्थेतल्या शिंगांना ‘इन वेल्लूतो’ म्हणतात.

९. मेनूवर ‘वेल्लुताता दी झुक्का’ लिहिलंय. हे काय?

लाल भोपळ्याचं दाट, गुळगुळीत घोटलेलं सूप. वेल्लुतातो म्हणजे मखमली, आणि स्त्रीलिंगी रूप वेल्लुताता एकटं आलं की ते बहुधा सूपच असतं. झुक्का भोपळा, ‘पोर्री’ म्हणजे लीक, ‘चेची’ म्हणजे काबुली चणे. शाकाहारी असाल तर एवढं विचारून घ्या की रस्सा भाजीचा आहे की मांसाचा. नाव भाजीचं असलं तरी आत कोंबडीचा रस्सा असू शकतो.

वाइनच्या वर्णनात ‘वेल्लुतातो’ आला तर ती जिभेला तुरट लागत नाही, असा अर्थ. त्वचेसाठी, आवाजासाठी, पीचच्या सालीसाठीही तोच शब्द. पीचच्या बाबतीत तर तो शब्दशः खरा आहे, कारण त्या फळावर खरोखर लव असते.

१०. या शब्दाचे वाक्प्रचार कोणते?

सर्वांत जास्त कानावर पडतो तो ‘अंदारे सुल वेल्लूतो’, मखमलीवरून जाणं. अर्थ, काम विनासायास, अडथळ्याविना होणं. फुटबॉलचे बातमीदार तो फार वापरतात: संघ दोन गोलांनी पुढे आहे आणि आता मखमलीवरून चालला आहे. जवळचा भाऊ ‘जोकारे सुल वेल्लूतो’, मखमलीवर खेळणं. हा जुगारातला आहे: आधी जिंकलेल्या पैशांवरच पुढचा डाव लावणं, म्हणजे खिशाला झळ नाही.

‘पून्यो दी फेर्रो इन ग्वांतो दी वेल्लूतो’ म्हणजे मखमली हातमोज्यातली लोखंडी मूठ. वागणं गोड पण पकड कठोर अशा माणसासाठी. राजकारणावरच्या लेखांत हमखास सापडतो.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये चेकोस्लोव्हाकियात रक्तपाताशिवाय सत्तांतर झालं, त्याला इटालियनमध्ये ‘रिवोलुत्स्योने दी वेल्लूतो’ म्हणतात. १ जानेवारी १९९३ ला त्या देशाचे शांतपणे दोन देश झाले, तो ‘मखमली घटस्फोट’.

चोरपावलांसाठी मात्र मखमल वापरत नाहीत. तिथे ‘पास्सो फेल्पातो’ म्हणतात, वरच्या फेल्पावरून.

११. मखमलीसाठी इटलीतलं कोणतं गाव प्रसिद्ध?

एक नाही, आणि प्रत्येक गावाला स्वतःचं नाव पुढे करायचं असतं. सुरुवात लुक्कापासून करावी लागते. मध्ययुगात इटलीतलं रेशमाचं मोठं केंद्र तिथे होतं. १३१४ मध्ये उगुच्चोने देल्ला फाज्जोला या सेनानीने लुक्का लुटलं आणि तिथले कारागीर पांगले, त्यांतले पुष्कळ व्हेनिस, फ्लॉरेन्स, बोलोन्या इकडे गेले. एका गावाच्या दुर्दैवातून कला बाकीच्या इटलीभर पसरली. व्हेनिसमध्ये चौदाव्या शतकातच मखमल विणणाऱ्यांचा वेगळा संघ झाला, त्यांना ‘वेलुदेरी’ म्हणत.

जेनोवाची मखमल, विशेषतः काळी, युरोपभर जायची. सतराव्या शतकातल्या तिथल्या सरदारांच्या चित्रांत काळा पोशाख सारखा दिसतो, तो साधेपणाचा नव्हे तर पैशाचा पुरावा आहे, कारण खोल काळा रंग मिळवणंच अवघड होतं. जेनोवाजवळ समुद्रकाठी झोआल्यी हे लहानसं गाव आहे, तिथे रेशमी मखमल अजून विणली जाते.

दक्षिणेत कालाब्रियातलं कातानझारो स्वतःला ‘तीन व’चं शहर म्हणवतं: वितालियानो हा संत, वेंतो म्हणजे वारा, आणि वेल्लूतो. तिथल्या रेशीम व्यवसायाचे नियम १५१९ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने मंजूर केले होते. उत्तरेला त्रेंतिनो प्रांतात आला नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात तिथे मखमलीचे माग आले आणि अठराव्या शतकात गावातली मोठी घरं त्याच पैशावर उभी राहिली. ते आजही ‘मखमलीचं शहर’ अशी ओळख सांगतं.

१७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं, नंतर नेपोलियनच्या राजवटीत कारागिरांचे संघ बंद झाले आणि माग धूळ खात पडले. १८७५ मध्ये लुइजी बेविलाक्वा यांनी तिथे विणकामाचा कारखाना सुरू केला आणि अठराव्या शतकातले जुने माग पुन्हा चालू केले. ग्रँड कनालच्या काठी तो आजही आहे. सोप्रारित्सो तिथे दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर होतं. दिवसभर एक माणूस बसून, एवढंच.

१२. ब्रोंझिनोच्या चित्रातला तो प्रसिद्ध पोशाख मखमलीचा आहे का?

हे फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातलं, चित्रकार ब्रोंझिनोने काढलेलं, तिथल्या ड्यूकची पत्नी एलेओनोरा दी तोलेदो हिचं चित्र, साधारण १५४५ चं. पांढऱ्या रेशमावर काळ्या मखमलीच्या वेलबुट्ट्या आणि मध्ये सोन्याचं डाळिंबाच्या घाटाचं मोठं फूल. ब्रोंझिनोने सोन्याच्या तारेचे सुटे फासेसुद्धा रंगवले आहेत. पाचव्या प्रश्नातला सोन्याच्या फाशांचा प्रकार ज्याला माहीत आहे त्याला ते लगेच ओळखू येतात.

तिला याच पोशाखात पुरलं असं पुष्कळ दिवस मानलं जात होतं. १५६२ मध्ये ती वारली. थडग्यातून निघालेल्या कपड्यांची दुरुस्ती झाली तेव्हा तो पोशाख वेगळा निघाला: साटिनचा झगा आणि आत लाल मखमलीची चोळी. ते अवशेष फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातल्या पोशाख संग्रहालयाचे आहेत. डाळिंबाचा घाट त्या काळच्या इटालियन मखमलीत सर्वत्र आहे आणि तुर्कस्तानातल्या बुर्साच्या मखमलीशी त्याची सतत देवाणघेवाण चाललेली दिसते. कोणी कोणाचं उचललं हे कापडाच्या तुकड्यावरून ठरवणं जाणकारांनाही जड जातं.

१३. भारताशी काही संबंध?

आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने लिहिलेल्या ‘ऐन-इ-अकबरी’त बादशाही भांडारातल्या कापडांची यादी आहे, आणि त्यात इराणी, गुजराती मखमलींबरोबर फिरंगी मखमलही आहे. युरोपात तेव्हा मखमलीची मोठी केंद्रं इटलीतच होती. पण भारतात येणारा प्रत्येक तागा इटलीचाच होता असं कोणी लिहिलं तर मान्य करू नका. स्पेनमध्येही मखमल होत होती आणि आपल्याकडे गुजरात, लाहोरातही.

भाषेच्या पातळीवर साम्य जास्त जवळचं आहे. तलत महमूद यांच्या आवाजाला आपण मखमली म्हणतो, इटालियन माणूस त्याला ‘वोचे दी वेल्लूतो’ म्हणेल. ही एक उपमा दोन्हीकडे जशीच्या तशी चालते. मात्र झेंडूच्या लहान जातीला आपण मखमल म्हणतो तसं इटालियनमध्ये नाही.

१४. इटलीहून मखमल मागवताना लेबलवर काय पाहायचं?

धाग्याचं नाव. ‘वेल्लूतो’ हा शब्द धाग्याबद्दल काहीच हमी देत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमानुसार कापडावर तंतूंची नावं आणि टक्केवारी द्यावी लागते, तीच वाचा. सेता म्हणजे रेशीम, कोतोने सूत, लाना लोकर, विस्कोझा आणि पोलिएस्तेरे उघड आहेत. ‘१०० टक्के’ किंवा ‘पुरो’ हे एकाच तंतूच्या कापडालाच लावता येतं. ‘मिस्तो’ दिसलं की मिश्रण.

‘वेल्लूतो दी सेता’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या पुष्कळ मखमलीत पाया रेशमाचा आणि लव व्हिस्कोसची असते. लेबलवर साधारण १८ टक्के रेशीम, ८२ टक्के व्हिस्कोस असं दिसेल. ते कापड वाईट नाही, अंगावर छान पडतं. पण भाव शुद्ध रेशमाचा लावला असेल तर देऊ नका.

१५. शिवताना, धुताना काय जपायचं?

लवेची दिशा. हात फिरवा: एका बाजूने गुळगुळीत लागेल, उलट बाजूने अडेल. इटालियनमध्ये या दिशेला ‘वेर्सो देल पेलो’ म्हणतात आणि उलट दिशेला ‘कोंत्रोपेलो’. पेलो म्हणजे केस. दाढी उलटी करतात त्यालाही हाच शब्द. पोशाखाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायला हवेत, नाहीतर एक बाही गडद आणि दुसरी फिकी दिसते. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग खोल दिसतो. यामुळे कापड नेहमीपेक्षा जास्त लागतं, ते आधीच धरा.

इस्त्री थेट लवेवर कधीही फिरवू नका. तिथे कायमचा डाग पडतो. कापड उलटं करून, खाली मखमलीचाच दुसरा तुकडा किंवा जाड टॉवेल ठेवून, फक्त वाफ द्या. रेशमी मखमल ड्रायक्लीनला द्या, लेबलवर ‘लावाज्जो आ सेक्को’ असेल. सुती कॉर्डरॉय उलटी करून घरी धुता येते. घडी घालून ठेवू नका, घडीच्या रेषेत लव चेपते. रुंद हँगरवर, सुती कापडाखाली टांगा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी बाहेर काढून एकदा वारा द्या, दमट कपाटात मखमल बुरशी लवकर धरते.

१६. मराठीत अनुवाद करताना मखमल लिहू, वेल्व्हेट की मूळ शब्द?

संदर्भ पाहा. जुना राजेशाही पोशाख, पडदे, गादी, आवाज, त्वचा: मखमल, मखमली. मळकी विजार, प्राध्यापकाचा कोट, सार्डिनियाचा मेंढपाळ: कॉर्डरॉय. सूप: दाट, घोटलेलं सूप. ‘अंदारे सुल वेल्लूतो’साठी ‘सगळं सुरळीत पार पडलं’ एवढं पुरे, मखमल आणायचा हट्ट नको. सोप्रारित्सोसारखी तंत्राची नावं मात्र तशीच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात समजवा. लवेसाठी ‘लव’ हा आपला शब्द नेमका आहे. त्याला ‘पाइल’ म्हणायचं कारण नाही.

१७. वेल्लूती हे आडनावही आहे का?

हो. फ्लॉरेन्समध्ये वेल्लूती नावाचं जुनं घराणं होतं. चौदाव्या शतकात त्यातल्या दोनातो वेल्लूती यांनी आपल्या घराण्याचा वृत्तांत लिहिला. आर्नो नदीपलीकडे त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे. ऑपेराच्या रसिकांना जोव्हान्नी बात्तिस्ता वेल्लूती (१७८०-१८६१) माहीत असतील. ऑपेराच्या मंचावरचे ते शेवटचे मोठे कास्त्रातो गायक, म्हणजे उंच आवाज टिकावा म्हणून लहानपणी खच्चीकरण झालेले गायक. संगीतकार रोस्सिनीने १८१३ च्या एका ऑपेरातली भूमिका त्यांच्यासाठी लिहिली होती.

१८. इटलीला गेलो तर मखमल कुठे पाहता येईल? शिकता येईल का?

व्हेनिसमध्ये पालाझ्झो मोचेनीगो हे कापड आणि पोशाखांचं संग्रहालय आहे, आणि बेविलाक्वांचा कारखाना आधी वेळ ठरवून पाहता येतो. त्याच शहरात फोर्तुनी संग्रहालय आहे. मारियानो फोर्तुनी मूळचे स्पेनचे. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या मखमलीवर छपाई करून जुन्या विणलेल्या नक्ष्यांचा भास उभा केला. विणलेली आणि छापलेली मखमल लागोपाठ पाहिली की डोळा तयार होतो. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातोमध्ये ‘मुझेओ देल तेस्सूतो’ आहे, तिथे तंत्र चांगलं समजतं.

शिकायचं असेल तर फ्लॉरेन्समधली लिझियो संस्था. जुझेप्पे लिझियो यांनी १९०६ मध्ये तिथे रेशीम विणायला सुरुवात केली, आणि आज ती संस्था हातमागावरच्या मखमलीचे अभ्यासक्रम घेते. मागावर बसायचं तर आधी साध्या विणीचा सराव करून जा. ताणा-बाणा हाताला माहीत असेल तर सळई आणि पातं लवकर हाती येतात. महाराष्ट्रात येवल्याला किंवा पैठणला माग जवळून पाहता येतात, तिथे काही दिवस बसून पाहिलंत तरी तिकडे गेल्यावर पुष्कळ सोपं जाईल.